इनामगावचे मणी आणि मनूचे लोखंड

दरवर्षी १ जानेवारीला भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून लाखो आंबेडकरी अनुयायी येतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः या स्तंभापाशी आले आणि ही भूमी आपल्या चळवळीच्या इतिहासाशी कायमची जोडली गेली. मानवंदना देऊन आपण माघारी फिरतो. पण तोच नगर रस्ता पुढे शिरूरला जातो आणि शिरूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, घोड नदीच्या काठी, इनामगाव नावाचे एक खेडे आहे. तिथे आपल्या गाड्या जात नाहीत. त्या जायला हव्यात, असे आम्हाला वाटते. कारण अंगावरच्या सोन्या-मण्यांवरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत या मातीत किती जुनी आहे, ती कुठवर साधी विषमता होती आणि कुठून पुढे गुलामगिरी झाली, हा हिशेब मांडायचा तर सुरुवात इनामगावच्या पांढरीच्या टेकाडापासूनच करावी लागते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी या संशोधकांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. या टेकाडाखाली इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० या सुमारे नऊशे वर्षांतील शेतकऱ्यांची वस्ती सापडली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, चुली, धान्याची पेवे, कणग्यांच्या बैठका, जनावरांची हाडे, जळालेले धान्य, तांब्याच्या वस्तू, दगडी पाती आणि माणसांचे सांगाडे. वेद, मनू, पुराणे यांच्यापैकी कशाचाही आधार न घेता, नुसत्या मातीवरून त्या माणसांचे जगणे वाचता आले. भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमावर, दौंड तालुक्यातील वाळकीलाही त्याच काळातील लहानशी वस्ती उत्खननात मिळाली. म्हणजे शिरूर-दौंडचा हा सगळा पट्टा तीन हजार वर्षांहून आधी शेती करणाऱ्या माणसांनी वसवलेला होता.

या माणसांना नटण्याची हौस होती. अकीक, तांबडा अकीक म्हणजे कार्नेलियन, जास्पर अशा रंगीत दगडांचे मणी इथे मिळाले. तांबे, शंख, हस्तिदंत यांच्या वस्तू मिळाल्या आणि थोडे सोनेही मिळाले. अकीक आणि त्याच्या जातीचे दगड दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होतात आणि नदीच्या वाळू-गोट्यांत सापडतात. सोने मात्र आपल्या काळ्या खडकात नाही. ते दक्षिणेकडून, बहुधा कर्नाटकातून येत असावे, असे अभ्यासक मानतात. शंख समुद्राकाठचा. नदीत सापडणारा दगड गरिबालाही मिळू शकतो, पण दूरवरून आलेले सोने ज्याच्याकडे द्यायला काही आहे त्यालाच मिळते. दागिन्यातून दर्जा दिसायला सुरुवात होते ती इथून.

पण दागिना घडवणारा कोण होता? कार्नेलियनचा एक मणी करायचा म्हणजे आधी दगड भाजून त्याचा रंग खुलवायचा, मग तो छिलायचा, घासून गोल करायचा आणि शेवटी धीराने त्याला आरपार भोक पाडायचे. दगड तडकला की सगळी मेहनत वाया. असे काम करणारे कारागीर इनामगावात होते. मणी करणारे, सोनार, कुंभार, चुना भाजणारे, हस्तिदंत कोरणारे. उत्खननातून असे दिसले की यांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि खात्यापित्या शेतकऱ्यांची घरे मधल्या भागात. घडवणारा कडेला आणि मिरवणारा मध्यभागी! तीन हजार वर्षांपूर्वीच्या या नकाशाकडे पाहून आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या गावाचा नकाशा आठवला, तर त्यात नवल नाही.

त्या मधल्या वस्तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. संशोधकांच्या मते ते वस्तीच्या प्रमुखाचे घर. त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. वस्तीजवळ पाण्याचा पाट आणि बांध यांच्याही खुणा मिळाल्या. याच प्रमुखाच्या घराच्या अंगणात एक विलक्षण दफन आढळले. चार पायांच्या, मोठ्या पोटाच्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता. इनामगावात प्रौढ माणूस मेला की त्याचे पाय घोट्याखाली तोडून त्याला घरातच जमिनीखाली पुरण्याची रीत होती. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. त्याचे मोठेपण ओळखू येते ते त्या रांजणावरून आणि न तोडलेल्या पायांवरून. अर्थात तो कोण होता हे त्याने लिहून ठेवलेले नाही. तो प्रमुख असावा, हा संशोधकांचा तर्क आहे. पण तर्काला आधार आहे.

यातून एक गोष्ट आंबेडकरी वाचकाने मनावर कोरून घ्यावी. मणी आणि सोने हे दर्जाचे चिन्ह होते, पण सत्ता त्यांच्यात नव्हती. सत्ता होती कोठारात आणि पाटाच्या पाण्यात. धान्य कोणाच्या ताब्यात आणि पाणी कोण वळवतो, यावर त्या वस्तीचा प्रमुख ठरत होता. दागिना त्या सत्तेची नुसती जाहिरात होती. पुढे काय झाले तेही पाहा. इ.स.पू. १००० नंतर पावसाचे मान घटले, हवा कोरडी झाली, असे संशोधकांचे अनुमान आहे. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, समृद्धी ओसरली आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. गळ्यातल्या मण्यांनी कोणाला वाचवले नाही.

आणखी एक गोष्ट. याच घोड नदीवरच्या चांडोलीला आणि तिकडे नेवाशाला त्याच काळातील काही लहान मुलांच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांच्या माळा आढळल्या. बाकीच्या कित्येक मुलांबरोबर नुसती मातीची भांडी. लहान मुलाने काही कमावलेले नसते. त्याच्या गळ्यात तांबे येते ते त्याच्या घरामुळे. म्हणून अशा दफनांवरून अभ्यासक म्हणतात की तेव्हा घराण्यावरून मान मिळायला सुरुवात झाली असावी. मेलेल्या लेकराच्या गळ्यात माळ घालणाऱ्या आईच्या मनात दर्जा होता की माया होती, हे मात्र माती सांगू शकत नाही. बहुधा दोन्ही असेल.

येथे दोन गोष्टींपासून आपण सावध राहिले पाहिजे. पहिली अशी की इनामगावला आपले हरवलेले सुवर्णयुग समजू नये. तिथे उच्चनीचता होती. पोटभर खाणारे होते आणि कडेला राहणारे होते. दुसरी अशी की त्या उच्चनीचतेचा दाखला देऊन ‘जात तर या देशात पहिल्यापासूनच आहे, ती निसर्गनियमासारखी आहे’ असे कोणी सांगू लागला, तर ते मुळीच ऐकून घेऊ नये. इनामगावात एकाकडे जास्त होते आणि दुसऱ्याकडे कमी होते. पण दुसऱ्याने मणी घालायचाच नाही, अशी बंदी होती असे दाखवणारा कोणताही पुरावा त्या मातीतून निघालेला नाही. कमी असणे वेगळे आणि मनाई असणे वेगळे. गरीब माणूस उद्या कमावून मणी घेऊ शकतो. ज्याला मनाई आहे त्याने कितीही कमावले तरी त्याची मान मोकळीच राहते. वर्ग आणि जात यांच्यातला फरक याहून सोप्या भाषेत सांगता येणार नाही.

ही मनाई मातीतून आली नाही, ती ग्रंथातून आली. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून पाहा. चांडाळ आणि श्वपाक यांनी गावाबाहेर राहावे, प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि दागिने घालायचे तर ते लोखंडाचे घालावेत, अशी त्यात आज्ञा आहे. शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, हेही त्याच अध्यायात आहे. मनूने दागिना नुसता काढून घेतला नाही. त्याने दागिना नेमून दिला. सोने कोणी घालायचे आणि लोखंड कोणी घालायचे हे जन्माच्या क्षणीच ठरवून टाकले. इनामगावचा मणी सांगत होता की या माणसाकडे काय आहे. मनूचे लोखंड सांगू लागले की हा माणूस कोण आहे आणि त्याने कायम काय राहायचे आहे.

हे फक्त पोथीत राहिले, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या भाषणात पुराव्यानिशी उत्तर दिले आहे. पेशवाईत मराठ्यांच्या मुलखात अस्पृश्याने ओळखीची खूण म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधला पाहिजे, असा दंडक होता, हे त्यांनी त्यात सांगितले. चुकून स्पर्श होऊन सवर्ण बाटू नये म्हणून! ज्या पुणे प्रांतात कधीकाळी नदीतल्या रंगीत दगडांचे मणी ओवले जात होते, त्याच प्रांतात माणसाच्या गळ्यात त्याच्या जातीचा काळा दोरा आला. त्याच भाषणात त्यांनी इंदूर संस्थानातील बलाई समाजाचे उदाहरण दिले. १९२८ मध्ये तिथल्या सवर्णांनी बलाईंना फर्मान काढले की जरीकाठाची पगडी बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ज्यांनी ऐकले नाही त्यांचे पाणी तोडले गेले आणि त्यांना गाव सोडावे लागले. तमिळ मुलखातील रामनाड जिल्ह्यात डिसेंबर १९३० मध्ये आदिद्रविडांवर कल्लर जातीने आठ बंधने लादली. त्यांतले पहिलेच बंधन सोन्याचांदीचे दागिने न घालण्याचे होते.

केरळची कथा तर इनामगावच्या मण्यांच्या अगदी उलटी आहे. त्रावणकोर संस्थानात पुलया जातीच्या स्त्रियांना सोने-चांदी वर्ज्य होते. त्यांनी गळ्यात दगडी मण्यांच्या माळाच घालायच्या, ही त्यांच्या गुलामीची निशाणी होती. १९१५ साली अय्यनकाळी यांच्या नेतृत्वाखाली कोल्लमजवळच्या पेरिनाड भागात या स्त्रियांनी आपल्या माळा गळ्यातून काढून फेकल्या. ‘कल्लुमाला’ म्हणजे दगडी माळ. तो लढा कल्लुमाला समर म्हणून ओळखला जातो. एका काळात दगडाचा मणी हौसेने आणि मानाने गळ्यात घातला गेला, दुसऱ्या काळात तोच दगडाचा मणी अपमान म्हणून गळ्यात अडकवला गेला. दगड काही बदलला नव्हता. तो कोण घालायला सांगतो आणि नाही म्हणायची मुभा आहे की नाही, एवढेच बदलले होते. दागिन्याला स्वतःचा दर्जा नसतो. समाज त्याला तो चिकटवतो.

आता महाडकडे या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच महाडला मनुस्मृती जाळली. आणि त्याच परिषदेच्या अखेरीस त्यांनी स्त्रियांपुढे भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी राहणी टाका, लुगडे स्पृश्य बायकांप्रमाणे नेसा, गळ्याभर गळसऱ्या आणि हातभर कथलाचे दागिने घालू नका, घालायचेच तर सोन्याचे घाला, नाही तर घालूच नका, अशा आशयाचा तो उपदेश होता. कित्येक बायाबापड्यांनी तो तिथल्या तिथे अमलात आणला. ज्या ग्रंथाने लोखंडाचा दागिना नेमून दिला तो ग्रंथ जाळला आणि त्या नेमलेल्या दागिन्याचा वारसा म्हणजे कथलाचा भार अंगावरून उतरवला. या दोन गोष्टी एकाच परिषदेत घडल्या, हा योगायोग नव्हता. काही जण या भाषणाला पोशाखाचा उपदेश समजतात. तो पोशाखाचा उपदेश नव्हता. ते मनुस्मृतीचे दुसरे दहन होते आणि ते आपल्या माता-भगिनींनी केले.

पण बाबासाहेबांनी आधी काय मागितले, हे विसरू नका. आधी पाणी मागितले. दागिना नंतर आला. इनामगावची माती जे सांगते तेच महाडचे पाणी सांगते. चिन्हाची लढाई लढलीच पाहिजे, पण सत्ता पाण्यात, धान्यात आणि विद्येत असते. आज शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड धरण आहे, खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडला जाते आणि भीमेच्या काठाने उसाचे फड उभे आहेत. त्या कालव्याखाली आपली जमीन किती आणि त्या फडात आपला हात कशाला लागतो, मालकीला की कोयत्याला, हा प्रश्न प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने विचारला पाहिजे.

चिन्हाची लढाई संपली असे कोणी समजू नये. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगडफेक झाल्याच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून येतच असतात. २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा संसदेला स्पष्ट शब्दांत लिहावे लागले की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पायात वहाणा किंवा अंगावर नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हा गुन्हा आहे. एकविसाव्या शतकात नव्या कपड्यांसाठी कायदा करावा लागतो, याचाच अर्थ मनूचे लोखंड अजून पुरते वितळलेले नाही. म्हणून सोने घालण्याचा आपला हक्क कोणी नाकारील तर तिथे एक पाऊलही मागे घ्यायचे नाही.

परंतु हक्क असणे वेगळे आणि सक्ती होणे वेगळे. आज आपल्याच वस्त्यांत नवी सक्ती येऊ पाहत आहे. मुलीच्या लग्नात किती तोळे घातले, सुनेने काय आणले, यावरून घराचा मान ठरू लागला आहे. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेला. एका तोळ्याच्या पैशात मुलीच्या शिक्षणाचे एखादे वर्ष निघू शकते, तरी खाजगी सावकाराकडून कर्ज काढून मंगल कार्यालयात सोने मिरवले जाते. कथलाच्या गळसरीने आपल्याला गावाने ओळखले आणि खाली बसवले. तोळ्यांच्या हिशेबाने आता आपणच आपल्या गरीब भावाला खाली बसवणार काय? जो मापदंड मोडण्यासाठी महाडला स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवले, तोच आपण सोन्याने मढवून पुन्हा उभा करणार काय? बाबासाहेबांनी ‘सोन्याचे घाला, नाही तर घालू नका’ हे सांगताना दुसरा पर्यायही तितक्याच मानाचा ठेवला होता. मोकळ्या गळ्याची बाई कोणापेक्षाही कमी नाही, हा त्याचा अर्थ होता.

आपल्या धम्माने तर हे फार आधी सांगितले आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका माळा, सुगंध आणि अलंकार दूर ठेवतात. त्या दिवशी विहारात श्रीमंत आणि गरीब शेजारी बसले तर गळ्याकडे पाहून कोण कोण हे ओळखू येऊ नये. श्रावस्तीच्या विशाखेची कथा पाली अट्ठकथेत आहे. तिचा महालता नावाचा रत्नजडित अलंकार इतका मोलाचा होता की तो विकत घेणारे कोणी मिळेना. शेवटी त्याचे मोल तिने स्वतःच भरले आणि त्या धनातून भिक्खूसंघासाठी पूर्वाराम विहार बांधला. आणि आपल्या काळातली रमाई! धारवाडच्या वसतिगृहातील उपाशी मुलांसाठी तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. विशाखेचा अलंकार विहार झाला आणि रमाईच्या बांगड्या मुलांची भाकरी झाल्या. दागिन्याला यापेक्षा मोठा दर्जा कोणत्या राजाने दिला आहे?

शेवटी इनामगावविषयी. तिथल्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. डॉ. ढवळीकरांनी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहून हे संशोधन मराठी वाचकापर्यंत आणले आहे. आपल्या शिक्षकांनी, वाचनालयांनी, महिला मंडळांनी ते वाचावे. शिरूर आणि दौंडच्या शाळांतील मुलांना आपल्या पायाखाली काय पुरलेले आहे ते कळावे. त्या गावाच्या परिसरात या इतिहासाची ओळख करून देणारे चांगले दालन उभे राहावे, अशी मागणी चळवळीने करावी. इतिहास म्हणजे फक्त राजांची वंशावळ नव्हे. वस्तीच्या पश्चिम कडेला बसून, डोळे बारीक करून, दगडाला भोक पाडणारा तो अनामिक कारागीर आपला पूर्वज होता की नाही, हे रक्त तपासून ठरवायची गरज नाही. तो श्रमाचा होता, म्हणून तो आपला आहे.

पुढच्या १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना दिल्यावर दुसऱ्या दिवशी एखादी गाडी इनामगावकडे वळवा. बरोबर मुलींना न्या. त्यांना सांगा की मणी सुंदर आहे, हवा तर खुशाल घाला. पण तुमची किंमत कोणाला विचारायची असेल तर त्याने तुमच्या गळ्याकडे पाहू नये, तुमच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहावे.

जयभीम!